एमएलआय ब्लँकेट: माल उत्तम, मदार शिवणीवर

उपग्रहाभोवतीचे सोनेरी आवरण सोन्याचे असावे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो रंग कॅप्टॉन या पॉलिइमाइड प्लॅस्टिकच्या फिल्मचा असून तिच्या आतल्या बाजूस चढवलेला ॲल्युमिनियमचा थर त्यातून चमकतो. ‘मल्टिलेअर इन्सुलेशन’ (अनेकपदरी उष्णतारोधक आवरण) किंवा एमएलआय या नावाने मिळणारे हे ब्लँकेट मी निःसंकोच चांगले म्हणेन, मात्र ते कोणी आणि कसे शिवले आहे हे पाहूनच.

कॅप्टॉनच्या खाली ॲल्युमिनियम चढवलेल्या मायलर या पॉलिस्टर फिल्मचे, जेमतेम ६ मायक्रॉन जाडीचे, साधारण दहा ते वीस पदर असतात आणि त्यांच्यामध्ये पॉलिस्टरची विरळ जाळी घातलेली असते. निर्वातात पदरांमधून उष्णता मुख्यतः प्रारणानेच जाऊ शकते, आणि प्रत्येक चकचकीत पदर त्यातला बहुतेक भाग परतवून लावतो. पृथ्वीजवळच्या कक्षेत सुमारे दीड तासाच्या एका फेरीत उपग्रह सूर्याच्या दर चौरस मीटरला १३६१ वॉटच्या उन्हातून थेट सावलीत जातो. तरीही आतल्या बॅटरीला त्याची झळ फारशी लागत नाही.

पदर वाढवावेत तशी उष्णतेची गळती घटावी, असे गणित सांगते. परंतु शिवण, कोपऱ्यावरची घडी, केबलसाठी पाडलेले भोक अशा ठिकाणी पदर एकमेकांवर दाबले जातात किंवा तुटतात आणि उष्णतेला वाट मिळते, त्यामुळे सपाट नमुन्यावर मोजलेला कॅटलॉगमधला आकडा प्रत्यक्षात क्वचितच पदरात पडतो. माल ताब्यात घेताना कडा एकमेकींवर पुरेशा चढल्या आहेत का, उड्डाणाच्या वेळी आतली हवा निघून जावी म्हणून बारीक छिद्रे आहेत का आणि सगळ्या पदरांना जोडणारी अर्थिंगची पट्टी नीट बसवली आहे का, हे तपासावे. छिद्रे नसतील तर ब्लँकेट फुगून फाटू शकते.

टिकाऊपणाबाबत मात्र हात राखूनच बोलावे लागेल. खालच्या कक्षेत सुट्या अणूंच्या रूपातला ऑक्सिजन उघड्या कॅप्टॉनला हळूहळू कुरतडतो. हबल दुर्बिणीवरच्या ब्लँकेटचा बाहेरचा टेफ्लॉनचा पदरही १९९७ मध्ये तडकलेला आढळला आणि अंतराळवीरांना त्यावर ठिगळे लावावी लागली.

शिवाय सर्व बाजूंनी ब्लँकेट गुंडाळले तर उपकरणांची स्वतःची उष्णता आतच कोंडते, म्हणून ती बाहेर टाकणाऱ्या रेडिएटरसाठी जागा मोकळी ठेवावीच लागते. क्यूबसॅट या लहान, ठोकळ्यासारख्या उपग्रहांसाठी मी हे सुचवणार नाही. तिथे क्षेत्रफळाच्या मानाने कडाच जास्त असल्याने योग्य रंगलेप किंवा चांदीचा थर दिलेली टेफ्लॉन टेप अधिक उपयोगी पडते.