इराकी दिनारच्या नोटा विकणाऱ्यांपासून सावध रहा, आमच्या मामांचे दीड लाखाच्या वर अडकलेत

मामा यावल तालुक्यातले, केळीवाले. केळीच्या पट्टीचे पैसे हातात आले की त्याच सुमाराला हा माणूस गावात यायचा. ओळखीतलाच, आधी आखातात नोकरीला होता, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. आपली केळी आखातात जाते ना, मग तिकडचं चलन घ्यायला काय हरकत, असं त्याचं बोलणं. 25,000 दिनारची एक नोट 4,000 रुपयांना द्यायचा. बाहेर तिची किंमत निम्म्याहूनही कमी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण दिनारचा भाव कोण बघतो.

लोकांना वाटतं फसवणूक म्हणजे नोट नकली असणार. तसं नाहीये, नोटा खऱ्या आहेत!! लाल रंगाची नोट, पुढे शेतकरी बाई आणि ट्रॅक्टर, मागे हम्मुराबी राजा. तो माणूस खिशातून बॅटरी काढून नोटेची तार चमकवून दाखवायचा, आणि मामींनी तर ट्रॅक्टर बघून नोट देवाजवळ ठेवली होती. नोट खरी म्हणजे माणूस खरा, असं धरून घरोघरी पैसे दिले गेले. मामांनी दहा लाख दिनार घेतले. वायदा काय तर लवकरच ‘आरव्ही’ होणार म्हणजे भाव वाढवून मिळणार, एका दिनारला तीन डॉलर, म्हणजे मामांचे पंचवीस कोटी.

आता यातलं खरं काय ते सांगतो. 1980 च्या सुमाराला दिनार सरकारी भावाने तीन डॉलरच्या वर होता हे खरंय. पण 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, त्याच्यावर निर्बंध लागले, इंग्लंडमधून छापून येणाऱ्या नोटा बंद झाल्या आणि सद्दामने हलक्या कागदावर देशातच भरमसाठ नोटा छापल्या, तिथेच भाव मेला. ऑक्टोबर 2003 ते जानेवारी 2004 मध्ये त्या बदलून नवीन दिल्या, त्या दे ला रू या इंग्लंडच्या कंपनीने छापल्या. आज चलनात पन्नास लाख कोटींच्या वर दिनार आहेत. एकेकाला तीन डॉलर द्यायचे म्हटले तर दीडशे लाख कोटी डॉलर लागतील, आणि अख्ख्या अमेरिकेचं वर्षाचं उत्पन्न तीस लाख कोटी डॉलरच्या आसपास आहे. कुठून देणार हो?

उलट डिसेंबर 2020 मध्ये तिकडच्या मध्यवर्ती बँकेने भाव पाडला, डॉलरला साधारण 1190 वरून 1450. फेब्रुवारी 2023 मध्ये 1300 केला तर या दिनारवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो, आरव्ही सुरू झाला म्हणे. अरे जेमतेम दहा-बारा टक्के आहे ते.

कुवेतचं उदाहरण तर प्रत्येक मीटिंगला द्यायचे, युद्धानंतर दिनार वर गेला आणि घेणारे करोडपती झाले. कुवेतचा दिनार युद्धाच्या आधीपासूनच तीन डॉलरच्या वर होता, 1991 मध्ये तो जागेवर परत आला एवढंच. आणि इराकने लुटून नेलेल्या जुन्या नोटा कुवेतने रद्द केल्या, ते हे लोक सांगत नाहीत.

तीन शून्य काढणार हे पण ऐकवतील. शून्य काढली की 25,000 ची नोट देऊन 25 ची नवीन मिळते, किंमत तीच. तुर्कस्तानने 2005 मध्ये सहा शून्य काढली, कोणी श्रीमंत झालं नाही.

नंतर ‘स्पेशल रेटचं रजिस्ट्रेशन’ म्हणून परत पैसे मागायला लागले तेव्हा मामांनी मला फोन केला. जळगावला बँकेत गेलो, घेत नाही म्हणाले. मनी चेंजरकडे पण तेच. म्हणजे घेताना 4,000 आणि विकताना गिऱ्हाईकच नाही.

पोलिसात जाऊ म्हटलं तर तो माणूस म्हणतो, परकीय चलन घरात सापडलं तर तुम्हीच आत जाल. याच भीतीने गावातले बाकीचे गप्प बसलेत, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. आपल्याकडे परकीय चलन रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्याकडूनच घ्यायचं असतं, पावतीवर. याने कोणालाच पावती दिली नाही, म्हणून तो घाबरवतोय. आम्ही वकिलांना भेटून तक्रार दिलीय, ग्रुपचे मेसेज आणि गुगल पे चे स्क्रीनशॉट जोडून. तुमच्याकडे असतील तर डिलीट करू नका, ग्रुप सोडायच्या आधी सगळं सेव्ह करा.

परवा कळलं की आता तो चोपड्याकडे व्हिएतनामचे डोंग घेऊन फिरतोय. तिकडचं कोणी वाचत असेल तर घरच्या मोठ्यांना आजच सांगा, पट्टीचे पैसे यायच्या आधी.