सुरत की मुंबई? खानदेशातून मुलांची विज्ञान-सहल

मुलांना एका दिवसात विज्ञान केंद्र दाखवायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं निघतात: सुरतचं सायन्स सेंटर आणि मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. मी आधी एकच बघते, पोरांना यंत्रं हाताळायला वेळ किती मिळणार?

नंदुरबार, नवापूर, दोंडाईचाकडच्यांनी सरळ सुरत धरावं. ताप्ती लाइनने, म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेने, सकाळी निघून रात्री घरी येता येतं. वाटेत नवापूर स्टेशन लागतं, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. ते मुलांना खिडकीतून आवर्जून दाखवा. सुरतचं केंद्र महापालिकेचं, २००९ सालचं. तारांगण त्याच आवारात, शिवाय हिऱ्यांचं आणि कापडाचं दालन. घरी कापूस वेचणाऱ्या पोरांनी धाग्याचं कापड होताना समजून घ्यावं, याचं मला फार मोल वाटतं. सोमवारी मात्र बंद असतं. धुळेकरांनाही बस करून सुरतच सोयीचं.

जळगाव-भुसावळकरांचं गणित वेगळं. त्यांचा सुरतेला जाण्या-येण्यातच दिवस संपतो. त्यापेक्षा रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी, दादरला उतरून लोकलने महालक्ष्मी. १९८५ साली सुरू झालेलं हे केंद्र सुरतेपेक्षा बरंच मोठं. बाहेरच्या विज्ञान उद्यानात वाफेचं इंजिन, ट्राम, विमान उभं आहे. भुसावळची रेल्वेतली पोरं त्या इंजिनापाशी किती रमतील! अशा उद्यानांत समोरासमोर दोन मोठ्या वाटोळ्या तबकड्या असतात. एकीच्या मध्याशी, नेमक्या जागी तोंड नेऊन कुजबुजलं की लांब उभ्या मैत्रिणीला दुसरीपाशी स्पष्ट ऐकू येतं. आवाज वक्र पृष्ठभागावरून परतून एका बिंदूत गोळा होतो, हे मग फळ्यावर शिकवावं लागत नाही. तिथे घाई करू नका, प्रत्येकाची पाळी येऊ द्या.

पण लागोपाठ दोन रात्री गाडीत जातात, म्हणून पाचवीच्या खालच्या मुलांना मुंबई नको. वरळीचं नेहरू तारांगण वेगळ्या इमारतीत आहे. तेही, गेटवेही असं एका दिवसात कोंबलं तर पोरांच्या हाती धावपळच लागते.

दोन्हीकडे गट मोठा असेल तर आधी फोन करून वेळ ठरवा, आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा. डब्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी द्या, दिवसभर टिकते. आणि सहल डिसेंबर-जानेवारीतच काढा; मे महिन्यात मुंबईच्या दमट उन्हात बाहेरचं उद्यान मुलांना सोसत नाही.