लाँगइयरब्येनची तीन तासांची गावफेरी: चार तारे, पाचवा का नाही ते वाचा

लाँगइयरब्येन म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं गाव. आधी पाचवा तारा का कापला ते सांगते. जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो बियाण्यांच्या तिजोरीचा. प्रत्यक्षात डोंगरातून बाहेर आलेलं काँक्रीटचं टोक आणि एक बंद दार. 2008 पासून जगभरातलं बियाणं आत उणे 18 अंशांत ठेवलंय. पर्यटकांना आत सोडत नाहीत हे माहीत होतं, पण म्हणून वीस मिनिटं त्या वाऱ्यात उभं करायचं? दोन फोटो काढून झाले की माणूस करणार काय!

बाकी फेरी वसूल, आणि ती गाईडमुळे. मूळची थायलंडची मुलगी. स्वालबार्ड नॉर्वेचं, पण 1920 च्या करारामुळे इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. त्यामुळे जेमतेम अडीच हजारांच्या या गावात पन्नासेक देशांची माणसं, आणि थाई मंडळी बरीच. (आपल्याला मात्र ओस्लोमार्गे यावं लागतं आणि स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहे. परत जाताना शेंगेनमध्ये पुन्हा शिरायचं असतं, तेव्हा एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन येऊ नका.)

म्युझियमच्या दाराशी बूट काढायला लावले. हॉटेलातही तेच. खाणकामगारांच्या बुटांना लागलेली कोळशाची पूड घरात येऊ नये म्हणून पडलेली ही सवय. गटातले दोघे-तिघे कुरकुरले. आपल्याला यात काय नवीन! फक्त भोक नसलेले मोजे घाला.

‘इथे मरायला बंदी आहे ना?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच होतं. गाईड हसली. मरायला बंदी नाही, शवपेटी पुरायला आहे. जमीन कायम गोठलेली, पुरलेलं कुजत नाही आणि हळूहळू वर येतं. अस्थिकलश परवानगीने पुरता येतो. 1918 च्या फ्लूने गेलेले सात तरुण खाणकामगार इथल्या दफनभूमीत आहेत; त्या विषाणूचा माग काढायला 1998 मध्ये संशोधकांनी त्यांच्या कबरी उकरल्या होत्या. बाळंतपणाचीही सोय नाही, दिवस भरत आले की बाई मुख्य भूमीवर जाते. बिअर आणि कडक दारू रहिवाशांना कार्डावर, महिन्याच्या कोट्याने. वाइनला कोटा नाही, कारण म्हणे ती साहेबलोकांची!

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गावाबाहेर, ध्रुवीय अस्वलांपासून सावध करणाऱ्या पाटीपुढे, बर्फावरची स्लेजगाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची आवारं आहेत. आम्ही गेलो जूनमध्ये. गाईड बंदूक घेऊन आधी उतरली, चहूकडे पाहिलं, मग आम्हाला बोलावलं. कुत्रे नुसते केकाटत होते, आणि त्यांच्या कुंपणालगत, रस्त्याच्या कडेला आयडर बदकांच्या माद्या अंड्यांवर बसलेल्या. कुत्र्यांच्या भीतीने कोल्हा इकडे फिरकत नाही, म्हणून ही जागा. (पक्ष्यांसाठीच गावात मांजर पाळायला बंदी आहे.) एक मादी माझ्यापासून दोन हातांवर होती. तपकिरी पिसांवर बारीक काळ्या रेघा, वाऱ्याने मानेजवळची पिसं उलटत होती, पण ती जागची हलली नाही. कुत्रा भुंकला तरी नाही, मी नाक शिंकरलं तरी नाही.

तिथे आम्हाला पाचच मिनिटं दिली. बुक करण्याआधी कुत्र्यांच्या आवाराशी किती वेळ थांबणार, ते विचारून घ्या.