कॅन्सरवरचे सिनेमे: मधले एकवीस दिवस कुठे गेले?

कॅन्सरवरचे बहुतेक सिनेमे तीन प्रसंगांवर उभे असतात. डॉक्टर रिपोर्ट वाचतात, आरशासमोर केसांचा पुंजका हातात येतो, आणि मग एकदम शेवटचा पलंग. रुग्णाचा आणि घरच्यांचा खरा काळ जातो तो यांच्या अधेमधे. बरेच केमो (कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं) दर २१ दिवसांनी देतात, कारण अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या मगजाला, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पुन्हा भरून काढायला साधारण तेवढा अवधी लागतो. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास या पेशी सगळ्यांत कमी असतात. तेव्हा ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला, की मध्यरात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं. तोंड येतं, अन्नाला धातूसारखी चव लागते, आणि झोपून उठलं तरी थकवा जागचा हलत नाही. सिनेमाला यातलं किती दिसलं, या मापाने पुढची परीक्षणं केली आहेत. शेवट उघड केले आहेत. कोणाला काय दाखवायचं हे ठरवायचं तर ते माहीत असावेच लागतात.

या मापाला सर्वांत जास्त उतरतो माइक निकोल्सचा ‘विट’ (२००१). एमा थॉम्पसनने रंगवलेली इंग्रजीची प्राध्यापिका अंडाशयाच्या चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरसाठी प्रायोगिक केमोच्या ८ सायकल (फेऱ्या) घेते, त्याही पूर्ण डोसच्या. औषधांची नावं काल्पनिक आहेत, हॉस्पिटलची दिनचर्या मात्र अस्सल. पांढऱ्या पेशी घसरल्यावर तिला वेगळ्या खोलीत ठेवतात, तेव्हा आत्ता धोका आहे तो उपचाराचाच, हे तीच कोरडेपणाने सांगते. तपासायला आलेला तरुण डॉक्टर तिचाच जुना विद्यार्थी. ओटीपोटाची तपासणी करायची तर सोबत नर्स हवी, हे त्याला ऐनवेळी आठवतं आणि तिला तशाच अवस्थेत टेबलावर सोडून तो नर्सला शोधायला जातो. कोणी आवाज चढवत नाही, तरी या प्रसंगात अंगावर काटा येतो.

सगळ्यांत कामाचा प्रसंग नर्स सूझीचा. रात्री दोघी एक आइसकांडी अर्धी-अर्धी खातात आणि त्याच गप्पांत, हृदय थांबलं तर ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा की नाही, हे ठरतं. ‘प्रयत्न’ म्हणजे छाती जोराने दाबणं, विजेचे झटके, घशात नळी. हे इतक्या सरळ शब्दांत सांगणारे सिनेमे फार थोडे. पुढे ‘करू नका’ असा निर्णय नोंदलेला असूनही टीम धावत येतेच, कारण धावपळीत आधी हात चालतात, फाइल नंतर उघडते. असा निर्णय घेतला असेल, तर प्रत्येक पाळीच्या डॉक्टर-नर्सच्या कानावर तो तोंडी घातलेला बरा. एक सावधगिरी: यातल्या उलट्या पाहून घाबरून जाऊ नये. केमोच्या आधीच दिल्या जाणाऱ्या आजच्या औषधांनी त्या बऱ्याच आटोक्यात राहतात. तरीही पहिल्या केमोच्या आदल्या रात्री हा सिनेमा लावू नये.

त्या रात्रीसाठी ‘फिफ्टी-फिफ्टी’ (२०११) बरा. लेखक विल रायसरने स्वतःच्या आजारपणावरून लिहिला, म्हणून बारकावे खरे उतरलेत. पाठीच्या कण्यातली दुर्मिळ गाठ झालेला २७ वर्षांचा तरुण समोर बसलाय आणि डॉक्टर रेकॉर्डरमध्ये निदान बोलत सुटलेत. पहिला अवघड शब्द कानावर पडला की पुढचं काहीच आत जात नाही, म्हणून अशा भेटीला वही-पेन घेतलेला दुसरा माणूस लागतो. सिनेमात तो नाही, आणि नेमकं तेच होतं. केस गळण्याआधीच हा तरुण मशीन फिरवून डोकं भादरतो, हे शहाणपणाचं. ज्या औषधांनी केस जातात, त्यांत पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत गळती सुरू होते. सगळ्याच औषधांनी ते जात नाहीत, हे मात्र सिनेमावाले सोयीने विसरतात. केमोच्या खुर्च्यांवर ओळख झालेल्या दोन वयस्कर रुग्णांपैकी एक पुढे येत नाही. तो प्रसंग फार संयमाने घेतलाय. वात्रट मित्राच्या बाथरूममध्ये कॅन्सरच्या रुग्णाला साथ कशी द्यावी याचं खुणा केलेलं पुस्तक सापडतं, तेव्हा मघापर्यंतचा त्याचा आचरटपणा नव्याने कळतो. खटकते ती समुपदेशक आणि रुग्ण यांची प्रेमकथा. तो सरळसरळ व्यवसायनीतीचा भंग आहे आणि सिनेमा त्याला गोड म्हणून खपवतो.

‘आनंद’ (१९७१) आवडणाऱ्यांनी रागावू नये, पण आतड्याचा लिम्फोसार्कोमा (एक प्रकारचा कॅन्सर) झालेला नायक जवळजवळ शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो. मैत्रीचा सिनेमा म्हणून तो पाहावा. ‘हसतमुख राहा, त्या आनंदसारखा’ असं खऱ्या रुग्णाला सांगणं हा मात्र त्याच्यावर अन्याय आहे.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) याच्या नेमका उलट. यात रोगापेक्षा सांगण्याचा प्रश्न मोठा आहे: रेटिनोब्लास्टोमामुळे (डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरमुळे) दृष्टी जाणार, हे लहान मुलाला शस्त्रक्रियेआधी कोण आणि कसं सांगणार? आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही, डॉक्टरांना वेळ नाही, आणि मधला पूल होते ती हॉस्पिटलमधली समाजसेविका. हे पद सिनेमात एरवी दिसतच नाही. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा नातवाला घेऊन हॉस्पिटलमधून गुपचूप बाहेर पडतात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला. अरुण नलावडे यांनी आजोबांची घालमेल चेहऱ्यावर न चढवता खांद्यांत आणि चालीत आणली आहे. पालकांनी यासोबत एक गोष्ट लक्षात ठेवावी: फ्लॅशच्या फोटोत मुलाच्या एखाद्या डोळ्यातली बाहुली लाल न दिसता पांढरी दिसत असेल, तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं. गाठ वेळेत सापडली तर डोळाही वाचू शकतो. दोन्ही डोळ्यांत रोग असेल तर तो जनुकीय असतो, तेव्हा भावंडांचीही तपासणी हवी.

माहितीपटांत ‘अ लायन इन द हाउस’ (२००६) पहिला. पाच मुलं, त्यांची कुटुंबं, सुमारे सहा वर्षांचं चित्रीकरण, आणि लांबी चार तासांच्या जवळपास. ती लांबीच त्याचं बळ आहे: रोग उलटतो, पुन्हा केमो, आणि आता थांबावं का यावर डॉक्टर आणि आईबाप यांच्यातले मतभेद. एका बैठकीत पाहू नये. ज्यांच्या मुलावर उपचार चालू आहेत त्यांनी तर तूर्त नकोच.

‘लाइफ इटसेल्फ’ (२०१४) चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांच्यावर आहे. खालचा जबडा गेलेला, तोंडाने खाणं-बोलणं बंद, संगणक त्यांच्या वतीने बोलतो. घशातलं सक्शन, म्हणजे नळीने स्राव ओढून काढणं, कॅमेऱ्याने जवळून टिपलंय. ते बघवत नाही, पण डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला ओळखीचं वाटेल. ‘कॅन्सर: द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ (२०१५) हा तीन भागांचा, सुमारे सहा तासांचा इतिहास आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी छातीचे स्नायूही काढून टाकणारी शस्त्रक्रिया कशी मागे पडली, हा त्यातला भाग शस्त्रक्रियेचे पर्याय तोलणाऱ्यांना उपयोगी पडेल. बाकी अभ्यासूंसाठी.

‘एंड गेम’ (२०१८) फक्त ४० मिनिटांचा. पॅलिएटिव्ह उपचार (रोगापेक्षा त्रास कमी करण्यावर भर देणारे) म्हणजे हात टेकणं, हा गैरसमज यात बोलण्यातूनच सुटत जातो. वेदना, धाप आणि झोप यांवरचे हे उपचार केमोसोबतही सुरू करता येतात, आणि लवकर केले तर जास्त उपयोगी ठरतात. डॉक्टर इथे माहिती देण्याआधी रुग्णाला काय हवंय ते विचारतात आणि उत्तरासाठी थांबतात. आधी घरच्यांनी पाहावा, आणि रुग्णाने स्वतः विषय काढला तर त्याच्यासोबत पुन्हा लावावा. रिमोट त्याच्या हातात द्यावा.