घरशिक्षणाच्या पद्धती आणि साहित्य: एका पुणेरी घराचा वापरानंतरचा अभिप्राय

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरले की 'कोणती पद्धत घ्यायची' हा प्रश्न लगेच समोर उभा राहतो आणि त्याचे उत्तर म्हणून बाजारात तयार संच, वार्षिक वर्गण्या, पालकांसाठीच्या कार्यशाळा आणि परदेशी पुस्तकांच्या याद्या यांची रीघ लागलेली असते. यांपैकी जे साहित्य आणि ज्या सेवा आमच्या घरात पुरेशा वापरून झाल्या आहेत, त्यांच्याविषयीच येथे लिहीत आहे. आमचे घर पुण्यात दोन खोल्यांचे आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, सासूबाई आमच्याकडेच असतात, थोरली मुलगी पंधरा वर्षांची आणि धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे. हा तपशील आधी सांगण्याचे कारण असे की प्रत्येक पद्धत एक विशिष्ट घर गृहीत धरून चालते: किती जागा, मोठ्या माणसाचा किती मोकळा वेळ, कोणती भाषा आणि पुस्तकांची किती उपलब्धता. आपल्या घरात यांतले नेमके काय नाही, हे जाहिरातीत लिहिलेले नसते. ते आपल्यालाच शोधावे लागते.

सर्वांत जास्त पैसे मॉन्टेसरी साहित्यावर खर्च होतात, म्हणून त्यापासून सुरुवात करते. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह काढले, ते अनेक मुलांसाठी. वेगवेगळ्या वयांची मुले एका खोलीत असावीत, मोठ्याचे पाहून धाकट्याने शिकावे, हा त्या रचनेचा कणा आहे. घरी एक-दोनच मुले असतात, त्यामुळे पद्धतीचा हा निम्मा भाग आपोआप गळतो आणि हाती उरते ते साहित्य. त्यातही सगळे विकत घेण्याजोगे नाही. गुलाबी मनोऱ्यात 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंतचे दहा घन असतात आणि चूक झाली तर ती मनोऱ्यातच दिसावी, कोणी सांगावी लागू नये, अशी त्याची योजना आहे. म्हणजे इथे मापाचा काटेकोरपणा हेच खरे मूल्य. आम्ही ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त संचात दोन घन जवळजवळ सारख्याच मापाचे निघाले आणि मुलगा त्यांची जागा पुन्हापुन्हा बदलत राहिला. विक्रेत्याने बदलून दिले, पण त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. माझे मत असे की मनोरा आणि मोजणीसाठीचे सोनेरी मणी यांसारख्या, ज्यांत माप किंवा मोजणी चुकून चालत नाही अशा वस्तू चांगल्या प्रतीच्या घ्याव्यात. ओतणे, चाळणे, निवडणे, घडी घालणे यांचे 'प्रात्यक्षिक जीवनाचे' तबक मात्र मुळीच विकत घेऊ नये. तांदूळ निवडणे, मटार सोलणे, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे हे स्वयंपाकघरात फुकट आहे आणि सासूबाई ते कोणत्याही प्रशिक्षित बाईंपेक्षा जास्त धीराने करू देतात.

या पद्धतीला कात्री लावली म्हणून कोणाला संकोच वाटत असेल, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आठवावे. मॉन्टेसरीचे महाग साहित्य गरीब मुलांपर्यंत पोहोचणार नाही, हे ओळखून त्यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पाने, बिया, शिंपले, खडे अशा भोवतालच्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले. लाकडी संचाच्या किमतीचा आकडा पाहून दडपण येणाऱ्या पालकांनी घरशिक्षणाच्या इंग्रजी पुस्तिकांपूर्वी हे काम समजून घ्यावे, असे मी आवर्जून सुचवेन.

मराठीसाठी मॉन्टेसरीची हलती अक्षरे, म्हणजे उचलून मांडता येणारी सुटी अक्षरे, वापरणे हा या सगळ्यातला सर्वांत अवघड, पण मला सर्वांत रस वाटलेला भाग. इंग्रजी संचात व्यंजने एका रंगात, स्वर दुसऱ्या रंगात आणि सगळी अक्षरे एकापुढे एक मांडायची. मराठीत काना पुढे येतो, पहिली वेलांटी ऐकू नंतर येते पण लिहिली जाते आधी, मात्रा डोक्यावर बसते आणि उकार पायाशी. बाजारात मिळालेल्या मराठी संचांत बाराखडीचे प्रत्येक अक्षर आख्खे छापलेले होते, त्यामुळे 'की' हे 'क' आणि दुसरी वेलांटी यांचे मिळून झाले आहे हे मुलाच्या हाताला कळतच नाही. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर निळ्या शाईने व्यंजने काढली आणि स्वरचिन्हे त्याच मापाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्यांवर लाल रंगात काढली. पट्टी अक्षरावर ठेवली की वेलांटी आपोआप योग्य जागी बसते. 'मीठ', 'पाणी', 'कोथिंबीर' असे शब्द मुलगा फरशीवर मांडू लागला आणि 'पाणी'मधली वेलांटी काढून घेतल्यावर 'पाण' उरते हे पाहून मनसोक्त हसला. जोडाक्षरांसाठी मात्र ही युक्ती तोकडी पडते. रफार आणि 'र'ची इतर रूपे पट्टीवर नीट बसत नाहीत, तिथे सरळ पाटी-पेन्सिल घ्यावी.

सोनेरी मण्यांचा अनुभव चांगला आहे: सुटा मणी, दहाची दांडी, शंभरचा चौरस, हजारचा घन. फक्त 'एकोणतीस' म्हटल्यावर मूल तीन दांड्या उचलते, कारण त्याच्या कानावर 'तीस' पडलेले असते. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशा वाचनाचीही सोय केली गेली आणि त्यावर महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. मण्यांच्या तबकासमोर बसल्यावर त्या सोयीतले शहाणपण दिसते. आम्ही दांड्या मांडताना 'वीस नऊ' म्हणतो आणि मोजून झाल्यावर 'एकोणतीस'. मुलाचा त्यात कधी गोंधळ झाला नाही.

शार्लट मेसन (1842–1923) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धत नोकरी करणाऱ्या पालकांना मी सर्वांत आधी सुचवेन, अर्थात तिच्या पुस्तकयादीशिवाय. लहान वयात धडे पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लांबवायचे नाहीत, एकदाच लक्षपूर्वक वाचायचे, मग मुलाने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे, आणि निसर्गाची नोंदवही ठेवायची, एवढे तिचे सूत्र आहे. तिच्या विचारांवर आधारलेला संपूर्ण अभ्यासक्रम महाजालावर विनामूल्य मिळतो. आखूड धड्यांमुळे सकाळी कामावर जाण्यापूर्वी दोन विषय सहज होतात. पण परत सांगण्याच्या बाबतीत एक बदल आम्हाला करावा लागला. ज्या आईने आत्ताच वाचून दाखवले तिलाच पुन्हा तेच सांगण्यात मुलीला काही अर्थ दिसेना. 'तुला माहीतच आहे ना' एवढे बोलून ती मोकळी होई. वाचन माझ्याकडे आणि ऐकणे सासूबाईंकडे, अशी वाटणी केल्यावर चित्र पालटले. त्यांनी धडा ऐकलेला नसे, त्या खरोखरच 'मग पुढे काय झाले गं?' असे विचारत, आणि सांगण्यात कुठे दुवा निसटला असेल तर तो त्यांच्या प्रश्नातूनच उघड होई. घरात आजी-आजोबा असतील तर या पद्धतीला दुसरी जोड लागत नाही.

न जुळणारा भाग म्हणजे तिची यादी आणि तिचे ऋतू. इतिहास इंग्लंडचा, धर्मशिक्षण ख्रिस्ती आणि निसर्ग तिकडच्या वसंतातला. निसर्गवहीसाठी आम्ही सोसायटीच्या आवारातले ताम्हणाचे एकच झाड धरले. उन्हाळ्यात त्याला जांभळा बहर येतो, ते राज्यपुष्पही आहे, आणि वर्षभर एकाच झाडाच्या नोंदी ठेवल्याने मुलांची निरीक्षणे विखुरली नाहीत. मराठी वाचनासाठी बालभारतीचे 'किशोर' मासिक उपयोगी पडले. ते 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तरीही आठ ते बारा या वयासाठी विज्ञान आणि भूगोलावरचे रसाळ मराठी गद्य अपुरे पडते. इंग्रजीतले वाचता-वाचता मराठीत सांगत जावे लागते आणि त्यासाठी आदल्या रात्री पालकाची तयारी लागते. या तयारीचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात सहसा नसतो.

वॉल्डॉर्फ आणि अनस्कूलिंग यांच्याविषयी थोडक्यात. 1919 मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला सुरू झालेल्या, कला आणि हस्तकामावर भर देणाऱ्या वॉल्डॉर्फ परंपरेतून आम्ही विणकाम आणि मातीकाम घेतले. तिच्या नावावर खपणारे मेणाचे महाग खडू आणि लोकरी बाहुल्या पुण्याच्या उन्हाळ्यात आणि आमच्या खिशात बसल्या नाहीत. अमेरिकन शिक्षक-लेखक जॉन होल्ट यांनी 1977 पासून आपल्या नियतकालिकातून मांडलेले अनस्कूलिंग, म्हणजे मुलाच्या कुतूहलामागे जाणे, विज्ञानात उत्तम चालते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची टाकाऊ वस्तूंची खेळणी आणि मोफत पुस्तके त्यासाठी पुरून उरतात. गणितात मात्र आमच्या मुलीचे कुतूहल अपूर्णांकांच्या दारात येऊन थांबले, आणि ते आपणहून आत जाईपर्यंत वाट पाहण्याचा धीर आमच्यात नव्हता.

तो धीर नसेल तेव्हा बालभारती. 1967 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात आणि छापील प्रतीही स्वस्त असतात. परदेशी पद्धतींनी भारावलेले पालक त्यांच्याकडे उगीच नाक मुरडतात. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार निघत आले आहे, म्हणजे मुलाला आपलीच नदी, आपलेच घाट आणि आपलेच तालुके भेटतात. ही सोय कोणताही आयात अभ्यासक्रम देऊ शकत नाही. गणिताची चढण संथ आणि विचारपूर्वक आखलेली आहे. उणीव अशी की स्वाध्याय मोठ्या वर्गाला समोर ठेवून लिहिलेले आहेत. 'गटात चर्चा करा' या सूचनेचे घरी एकट्या मुलाने काय करावे? आम्ही गणित रोज आणि क्रमाने करतो, बाकी पुस्तके वर्षअखेरीस काय राहून गेले ते पाहण्यापुरती उघडतो. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके घेत असाल तर एक सूचना: मध्यंतरी काही इयत्तांची पुस्तके वहीच्या कोऱ्या पानांसह चार भागांत निघत होती, तेव्हा चारही भाग आहेत का ते पाहून घ्यावे.

परीक्षेसाठी आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, निवडली आणि तिच्या सेवेविषयी माझे मत एकंदरीत अनुकूल आहे. दहावीला बसण्यासाठी किमान वय 14 वर्षे लागते, किमान पाच विषय घ्यायचे असून त्यांत एक भाषा आवश्यक आहे, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. विषय एकदम न देता सुटे सुटे देता येतात, हा घरशिक्षणाला सर्वांत मानवणारा गुण. मुलीने चित्रकला आणि मराठी आधी उरकले आणि गणिताला पूर्ण वेगळे सत्र दिले, त्यामुळे घरात 'दहावीचे वर्ष' नावाची साथ पसरली नाही. त्याखालच्या वयासाठी तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे अ, ब, क स्तरही आहेत. आम्ही ते वापरले नाहीत.

उणिवाही आहेत. टीएमए (ट्यूटर मार्क्ड असाइनमेंट), म्हणजे घरी लिहून तपासायला द्यायच्या गृहपाठासारख्या कामाला, गुणांचा वाटा असतो आणि तो वेळेत व नीट अपलोड करण्याची जबाबदारी पूर्णतः आपली. संकेतस्थळ शेवटच्या दिवसांत फार संथ होते. अभ्यास केंद्रावरचे संपर्कवर्ग आमच्या वाट्याला आलेल्या केंद्रात नावापुरतेच होते, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये. मराठी माध्यम उपलब्ध आहे, परंतु ते निवडण्यापूर्वी आपल्या विषयाचे मराठी साहित्य डाउनलोड करून दोन धडे वाचून पाहावेत. शिवाय गणित टाळता येते म्हणून टाळू नये. पुढे अभियांत्रिकीचा विचार असेल तर तोच विषय आडवा येतो.

कायद्याविषयी नातेवाईक हमखास विचारतात. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, त्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षेची तरतूद नाही आणि घरशिक्षणाला त्यात वेगळे स्थानही दिलेले नाही. कागदपत्रे म्हणूनच नीट ठेवावीत. राज्य मंडळाचीच दहावी हवी असेल तर 17 नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बसता येते, मात्र तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात. आमची मुलगी चौथीनंतर घरी आली, त्यामुळे तिचा दाखला तरी फाइलमध्ये आहे. धाकटा शाळेची पायरीच चढलेला नाही. त्याच्यासाठी मुक्त विद्यालय हाच सरळ रस्ता आहे, आणि जन्मदाखल्यावरचे त्याचे नाव आधार कार्डाशी जुळवून घेण्याचे काम आम्ही आतापासूनच हाती घेतले आहे.