सागवान म्हणून भुसा विकला

चंद्रपूर जिल्ह्यात जन्म जाऊन सागवान ओळखता आलं नाही, हे लिहायला लाज वाटते. पण घरात कुत्रं असलेली दोन-तीन ओळखीची मंडळी लाकडी फरशी करायला निघाली आहेत, म्हणून लिहितो.

एप्रिलात ठेकेदार घरी आला. 2023 साली बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिराला जे सागवान गेलं, 'त्याच जंगलातलं' म्हणाला. पिशवीतून वीतभर तुकडा काढला. जड, तेलकट, सागाचा तो ओळखीचा वास. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, पुसलं, वर आमच्या शेरूचा पंजा घासून दाखवला. "पाणी लागत नाही, नखाचा ओरखडा उठत नाही, लिहून देतो." लिहून दिलं ते वहीच्या पानावर : लाकडी काम, 220 फूट. दर 260 रुपये.

माझं डोकं तिथंच चालायला हवं होतं. खऱ्या सागवानावर कुत्र्याच्या नखांच्या रेघा पडतातच. सहसा पडत नाहीत त्या लॅमिनेटवर, कारण त्याच्या वर लाकूड नसतंच. लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर कडक थर असतो. म्हणजे गडी ओरखड्याचं खरंच बोलला, फक्त मालाचं नाव बदलून.

खोक्यांवरची लेबलं फाडलेली होती. "गाडीत ओली झाली." एप्रिलात!

जुलैत झड लागली. शेरू बाहेर जाईना, त्यानं मुतायला दिवाणाखालचा कोपरा धरला. आठवडाभरात तिथले सांधे फुगून वर आले, झाडू अडकायला लागला. सुतारानं एक फळी उचकटून गुडघ्यावर मोडली. आत दाबलेला खाकी भुसा. बोटानं चोळला तर पीठ.

"मास्तर, याले सागवान कोन म्हनलं जी?"

त्याचं म्हणणं, दाखवायचा तुकडा पाहूच नका. आलेल्या खोक्यातली फळी कापून रात्रभर बादलीत टाका. सागाचंच सालीकडचं पांढरं लाकूड रंगवूनही खपवतात, ते वाळवी सोडत नाही. इंजिनिअर्ड फळी (खाली प्लाय, वर खऱ्या लाकडाचा थर) घेत असाल तर तो वरचा थर किती मिलिमीटर, ते बिलावर लिहून घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर पुढं घासून पॉलिश करता येत नाही. कुत्र्याच्या घरात लाखेचं पॉलिश नको, मुतानं उतरतं. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करा, तेही मॅट. चकचकीतवर एकूण एक रेघ दिसते. आणि कोणतंही पॉलिश असो, मूत लगेच पुसायचं.

ठेकेदार आधी "पावसाळा संपू द्या" म्हणाला. मग "कुत्र्याच्या मुतावर गॅरंटी नसते." मग फोन बंद. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती करतोय. यूपीआयनं दिलेले 20 हजार तरी दिसतात. उरलेले रोख दिले, पक्कं बिल नाही. मोडलेली फळी आणि फाटक्या लेबलाचं खोकं पुरावा म्हणून जपलंय. तो वीतभर सागाचा तुकडा मात्र त्यानं पहिल्याच दिवशी आठवणीनं पिशवीत परत टाकला होता.