सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलजवळचा मावशींचा चहाचा गाडा: साडेचार स्टार

चहा गोड आहे, हे आधीच सांगते. "साखर कमी" म्हटलं तरी मावशी आपला हात आखडत नाहीत. वर म्हणतात, "दमलेल्या माणसाला गोडच लागतंय." अर्धा स्टार तिथंच कापला. उप्पीट मात्र सकाळी सातला गरम असतं, लिंबाची फोड न मागता येते. आल्याचा चहा दहा रुपये, हाफ सात. पावसात ताडपत्री बरोब्बर डाव्या बाकावर गळते, उजव्या बाकावर बसा. गाड्याला नाव नाही, पाटी नाही.

मी सांगलीत पोलीस हवालदार आहे, नोकरीला पंधरा वर्षं झाली. सिव्हिलला आमची फेरी एडीसाठी. एडी म्हणजे अकस्मात मृत्यू. विहिरीत सापडलेला, शेतात साप चावलेला, झोपेत गेलेला. बॉडी बघायची, पंच गोळा करायचे, पंचनामा लिहायचा, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम होईपर्यंत थांबायचं, मग नातेवाइकांच्या ताब्यात द्यायची. नवा कायदा आला नि पंचनाम्याचं कलम १ जुलै २०२४ पासून १७४ चं १९४ झालं, हात अजून १७४ लिहायला जातो. आणि घरच्यांना खबर द्यायची वेळ आली की ठरलेलं वाक्य येतं, "मॅडम, तुम्ही सांगा. बाईमाणूस नीट सांगतंय." नीट कसं सांगायचं हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलेलं नाही. मी आधी समोरच्या माणसाला खाली बसवते. एवढंच जमतं.

लोकांना वाटतं आम्हाला सवय होते. बॉडीची होते, खरं आहे. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, तेव्हाही ड्युटीवर होते. पण त्या दिवसांत अख्खं ठाणं एकमेकांच्या समोर रडलं, साहेबसुद्धा. एकटीनं केलेली साधी एडी जास्त छळते. तिच्यावर ठाण्यात कुणी बोलत नाही, स्टेशन डायरीत दोन ओळी झाल्या की संपलं.

तीन वर्षांपूर्वीची अशीच एक. जत तालुक्यातला हमाल, एसटी स्टँडवर बसल्या जागी गेला. खिशात गावाचं तिकीट, कंगवा, तंबाखूची पुडी. हातात पिशवी, तिच्यात भडंग. पंचनाम्यात मी लिहिलं, "भडंग, अंदाजे पाव किलो." दुपारी भाऊ आला, सामान ताब्यात देताना पुड्याचं तेल पोचपावतीवर उतरलं. साहेब म्हणाले, कागद खराब झाला, पुन्हा लिहा. त्यांचंही चुकलं नाही, कागद कोर्टात जातो. मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. तिकीट, कंगवा, तंबाखू, भडंग अंदाजे पाव किलो. पहिल्यांदा लिहिताना काही झालं नव्हतं. दुसऱ्यांदा अक्षर हलायला लागलं.

तिथनं उठून गाड्यावर आले. मावशींनी सवयीनं चहासोबत भडंगाची बशी ठेवली. मी ती बाजूला सारली, तोंडानं काही बोलले नाही. मावशींनी बशी उचलली, पदरानं बाक पुसला नि म्हणाल्या, "बसा की मॅडम, निवांत." त्या दिवसापासून माझ्यापुढं भडंग आलेलं नाही. का, हे त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

पैसे घेतात, हे मुद्दाम लिहिते. वर्दी बघून चहा फुकट देणारे खूप, आणि त्या चहाचा हिशेब पुढं मांडणारेही खूप. इथं दहा म्हणजे दहा.

आणखी एक. पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा आता सगळीकडे असतो, इथंही आहे. मावशींनी तो जाड फडक्यात गुंडाळून बरणीमागं ठेवलाय, कान दिला तरच ऐकू येतो. गिऱ्हाईक कुरकुरतात. समोरच्या कट्ट्यावर पीएमची वाट बघत बसलेले लोक असतात, त्यांच्या कानावर दर मिनिटाला "दहा रुपये मिळाले" आदळू नये म्हणून हे. मला हे कळायला वर्ष लागलं.

मी इथं पंधरा मिनिटं बसते नि मग घरी जाते. बसले नाही त्या दिवशी पोरीवर उगाच खेकसते, हे नवऱ्यानं हेरलंय. "आज काय झालं?" ला माझं उत्तर "काय नाही, बंदोबस्त" हेच. ठाण्यात टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर चिकटवलाय. एका रात्री गच्चीवर जाऊन लावला. फुकट आहे, मराठीत बोलतात, पलीकडच्या बाईंनी मधे न तोडता ऐकून घेतलं. खात्यातल्या कुणी हे वाचत असेल तर लावा, नाव विचारलं तर सांगायचं की नाही ते तुमच्या हातात.

गाडा सकाळी सहाला लागतो, दुपारी तीनला मावशी आवरायला घेतात. अमावास्येला बंद. मिसळ मिळत नाही, विचारू नका. भडंग घरचं असतं, लसूण जास्त घातलेलं, लोक पुडे बांधून नेतात. कसं लागतं ते त्यांनाच विचारा.